प्रौढांना आधी अभ्यास करायला शिकवा : शालेय शिक्षण आणि कौशल्य विकास विभागांना खुले पत्र

प्रति,
मा. मंत्री, शालेय शिक्षण विभाग,
मा. मंत्री, कौशल्य, रोजगार, उद्योजकता व नाविन्यता विभाग,
महाराष्ट्र शासन, मंत्रालय, मुंबई.

विषय : दहावीचा १७ नंबरचा अर्ज (शाळेत न जाता खासगी विद्यार्थी म्हणून परीक्षेला बसण्याचा अर्ज) भरणाऱ्या प्रौढांसाठी अभ्यासाच्या आणि कामाच्या पूर्वतयारीचे संध्याकाळचे वर्ग सुरू करण्याबाबत.

महोदय,

सोलापूरच्या पूर्व भागात विडी वळणाऱ्या आणि यंत्रमागाच्या कारखान्यांत काम करणाऱ्या स्त्रियांसाठी मी संध्याकाळचा अभ्यासवर्ग चालवते. सहावी-सातवीत, फार तर आठवीत शाळा सुटलेल्या, आता पस्तिशी-चाळिशीला आलेल्या आणि १७ नंबरचा अर्ज भरून दहावी पास व्हायचेच असे ठरवलेल्या या स्त्रिया आहेत. दहावी कशासाठी हवी, या प्रश्नाला प्रत्येकीचे उत्तर वेगळे असते, पण बहुतेकींचे उत्तर शेवटी कामापाशी येऊन थांबते. विडीचे काम पूर्वीसारखे भरवशाचे राहिलेले नाही, पाठ आणि मान दुखते, तंबाखूच्या वासात मुलांना वाढवायचे नाही, आणि दुसरीकडे कुठेही कामाला गेले की पहिला प्रश्न येतो तो शिक्षणाचा.

हे पत्र आपणा दोघांना एकत्र लिहिते आहे. या स्त्रियांची दहावी शालेय शिक्षण विभागाकडे आहे आणि त्यांची नोकरी कौशल्य विभागाकडे. या दोहोंमध्ये जे शिकावे लागते, म्हणजे अभ्यास कसा करायचा आणि शिकलेले कामाच्या ठिकाणी कसे वापरायचे, ते मात्र कोणाकडेच नाही.

जे उपलब्ध आहे त्याची मला जाणीव आहे आणि त्याबद्दल कृतज्ञताही आहे. अक्षरओळख नसलेल्या पंधरा वर्षांवरील कोणालाही ‘उल्लास’ या नवभारत साक्षरता कार्यक्रमात शिकता येते आणि वाचन, लेखन व संख्याज्ञान यांची १५० गुणांची चाचणी देता येते. महाराष्ट्रात ही चाचणी १७ मार्च २०२४ रोजी झाली, तेव्हा नातवंडांचा हात धरून केंद्रावर आलेल्या आजीबाईंची छायाचित्रे साऱ्या वर्तमानपत्रांत आली होती. राज्याच्या मुक्त विद्यालय मंडळाची पाचवी आणि आठवी समकक्ष परीक्षा आहे. पाचवी पास झालेल्याला १७ नंबरच्या अर्जावर थेट दहावीला बसता येते. पुढे १९८९ साली नाशिकला स्थापन झालेले यशवंतराव चव्हाण महाराष्ट्र मुक्त विद्यापीठ आहे, ज्याच्या ‘ज्ञानगंगा घरोघरी’ या ब्रीदावर विश्वास ठेवून या राज्यातल्या कितीतरी गृहिणी, शेतकरी आणि पोलीस शिपाई पदवीधर झाले. कागदावर पाहिले तर मुळाक्षरांपासून पदवीपर्यंतचा रस्ता सलग आहे.

या रस्त्याला आपल्याकडे मोठी परंपराही आहे. महात्मा फुल्यांनी १८५५ साली पुण्यात शेतकरी आणि मजूर स्त्री-पुरुषांसाठी रात्रशाळा काढली. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी १९४६ साली मुंबईत सिद्धार्थ महाविद्यालय सुरू केले, ते सकाळच्या वेळेत भरवले, कारण दिवसा नोकरी करणाऱ्यांना शिकता यावे हा त्यामागचा हेतूच होता. शिकणाऱ्याचे आयुष्य जसे आहे तसे धरून शाळेने आपली वेळ बदलायची असते, ही समज या दोन्ही निर्णयांत दिसते. त्याच समजेच्या आधाराने मी पुढचे मागणे मागते आहे.

आमच्या वर्गात येणारी स्त्री निरक्षर नसते. तिला वाचता येते, सही येते, मोबाइलवरचे संदेश समजतात, हिशेब तर आपल्यापेक्षा चोख येतो. तरीही पहिल्या महिन्यात ती हमखास म्हणते, ‘मॅडम, माझं डोकं आता चालत नाही.’ हे वाक्य ऐकल्यावर काय करायचे, हे १७ नंबरच्या कोणत्याही सूचनापत्रकात लिहिलेले नाही. अर्ज कधी भरायचा, शुल्क किती, छायाचित्र कसे हवे, हे सारे त्यात असते. ज्या बाईने वीस-पंचवीस वर्षांत सलग एक पानही वाचलेले नाही, तिने समोरच्या सहा विषयांचे काय करायचे, हे तिचे तिने पाहायचे असते.

शाळेत सलग दहा वर्षे गेलेल्या मुलाला अभ्यासाची रीत नकळत लागते. फळ्यावरचे कोणते उतरवून घ्यायचे, धडा वाचताना शीर्षकाकडे का पाहायचे, प्रश्नातला कोणता शब्द उत्तर ठरवतो, न येणारे गणित सोडून पुढे कधी जायचे, हे त्याला कोणी वेगळे शिकवलेले नसते. वर्षानुवर्षांच्या सरावातून ते आलेले असते. जिची शाळा अकराव्या-बाराव्या वर्षी सुटली, तिची ही सवय नेमकी तयार व्हायच्या वेळी तुटली. बुद्धी तिथेच आहे, समज तर आयुष्याने वाढवलीच आहे. रीत तेवढी राहून गेली आहे, आणि रीत शिकवता येते. हे अनुभवाने सांगते म्हणूनच हे पत्र लिहिण्याचे धाडस करते आहे.

प्रत्यक्ष काय घडते ते सांगते. दहावीच्या इतिहासाच्या पुस्तकातला पहिलाच पाठ इतिहासलेखनाच्या पाश्चात्त्य परंपरेवर आहे. हिरोडोटस, व्हॉल्टेअर, रांके, फुको ही नावे त्यात एकामागून एक येतात. दिवसभर सुपात पाने आणि तंबाखू घेऊन बसलेली, घरात तेलुगू आणि बाहेर मराठी बोलणारी एक अक्का हा पाठ वाचायला घेते. प्रत्येक शब्दाखाली बोट ठेवून, मोठ्याने, एकही शब्द न गाळता ती पान संपवते. काय वाचले असे विचारले की गप्प होते, आणि पुन्हा पहिल्या ओळीपासून वाचू लागते. तिच्या मते अभ्यास म्हणजे हेच : लक्षात राहीपर्यंत पुन्हा पुन्हा वाचणे. असे तीन-चार संध्याकाळी झाले की ती स्वतःला मठ्ठ ठरवते, आणि त्यानंतर एक दिवस वर्गाला येईनाशी होते.

आम्ही तिला पुस्तक मिटायला सांगतो. एक परिच्छेद झाला की पुस्तक बंद करायचे आणि जे आठवेल ते शेजारणीला सांगायचे, हवे तर तेलुगूत. मग पुस्तक उघडून काय सुटले ते शोधायचे, आणि शेवटी दोन-तीन वाक्ये मराठीत आपल्या हाताने लिहायची. तोच परिच्छेद दुसऱ्या दिवशी पुस्तक न उघडता पुन्हा सांगायचा, मग आठवड्याने पुन्हा. विसरणे कसे घडते याचा पद्धतशीर अभ्यास हर्मान एबिंगहाउस या जर्मन मानसशास्त्रज्ञाने १८८५ सालीच प्रसिद्ध केला होता, आणि उजळणी एकदम उरकण्यापेक्षा अंतराअंतराने केली की कमी श्रमात जास्त टिकते, हे तेव्हापासून माहीत आहे. पुस्तक मिटून आठवण्याचा प्रयत्न केल्याने स्मरण पक्के होते, हेही नंतरच्या संशोधनाने वारंवार दाखवले आहे. हे ज्ञान शिक्षणशास्त्राच्या पदविकेत आहे. ज्या बाईला त्याची सगळ्यात जास्त गरज आहे, तिच्यापर्यंत ते पोहोचलेले नाही. याच पाठात पुढे स्त्रीवादी इतिहासलेखनाचा भाग येतो. स्त्रियांच्या आयुष्याचा, त्यांच्या कामाचा इतिहास लिहिला गेला पाहिजे, हे वाचल्यावर वर्गात जी चर्चा होते ती मी कोणत्याही दिवसाच्या शाळेत ऐकलेली नाही. विडी कामगारांच्या मोर्चात आपली आई कशी गेली होती, मजुरीवाढ कशी मिळाली, हे त्या सांगू लागतात. तो भाग मग कोणालाही पाठ करावा लागत नाही.

गणिताचेही तसेच आहे. पंचवीस विड्यांची एक जुडी, चाळीस जुड्यांचे हजार, हजाराला इतकी मजुरी, त्यातून तपासणीत बाजूला काढलेल्या विड्या वजा, हा हिशेब यांच्यापैकी प्रत्येकीच्या तोंडावर असतो. ‘हजारात पन्नास बाद झाल्या, तर शंभरात किती?’ असे विचारले की क्षणाचाही विलंब न लावता ‘पाच’ असे उत्तर येते. हीच शेकडेवारी आहे, तुम्ही ती रोज करता, असे सांगून तेच उदाहरण वहीत मांडायला लावले की गणिताची निम्मी भीती तिथेच जाते. दहावीच्या गणितात अर्थनियोजनाचे प्रकरण आहे, त्यात जीएसटीची उदाहरणे आहेत. किराणा दुकानाचे किंवा मोबाइल दुरुस्तीचे खरे बिल वर्गात आणून त्यावरचा कर शोधायला लावले, तर ते प्रकरण परीक्षेलाही उपयोगी पडते आणि उद्या दुकानात हिशेबाचे काम मिळाले तर तिथेही. प्रौढाला शिकवताना अभ्यास आणि काम हे दोन वेगळे तास ठेवण्याची गरज पडत नाही, हे मला या वर्गाने शिकवले.

एक गोष्ट फार साधी आहे, पण तिच्याकडे कोणाचे लक्ष जात नाही म्हणून मुद्दाम लिहिते. चाळिशीच्या आसपास जवळचे अक्षर धूसर दिसू लागते. विडीची पाने कात्रीने कापायला नजरेपेक्षा हाताची सवय जास्त लागते, त्यामुळे आपल्याला चाळिशी लागली आहे हे या स्त्रियांना कळलेलेच नसते. पुस्तक समोर आले की डोके दुखते, डोळ्यांतून पाणी येते, ओळ सुटते, आणि याचाच अर्थ त्या ‘आता अभ्यास जमत नाही’ असा लावतात. जवळच्या नजरेचा साधा चष्मा मिळाल्यावर वाचनाचा वेग बदललेला मी पाहिला आहे. शाळेतल्या मुलांची नेत्रतपासणी शासन करते. प्रौढ विद्यार्थ्यांची नोंदणी करतानाच तीही झाली, तर किती जणी पहिल्या महिन्यात गळायच्या वाचतील!

प्रश्नपत्रिकेचा विचारही असाच करावा लागतो. यांच्या आठवणीतली परीक्षा म्हणजे पाठ केलेली प्रश्नोत्तरे. दहावीची पुस्तके २०१८ साली बदलली, भाषा विषयांना कृतिपत्रिका आली, न वाचलेला उतारा वाचून त्यावर लिहायचे असते, स्वतःचे मत मांडायचे असते, बातमी किंवा जाहिरात तयार करायची असते. ‘कारणे लिहा’, ‘फरक स्पष्ट करा’, ‘संकल्पनाचित्र पूर्ण करा’ या प्रत्येक सूचनेत उत्तराचा आकार दडलेला असतो, आणि तो ओळखण्याचा सराव चार-सहा तासांत करून घेता येतो. लिहिण्याच्या वेगाचे मात्र तसे नाही. भाषेच्या ८० गुणांच्या पेपरला तीन तास, गणित-विज्ञानाच्या ४० गुणांच्या एकेका पेपरला दोन तास. सलग दोन-तीन तास पेन धरण्याची सवय नसलेला हात तासाभरात आखडतो. येत असलेले लिहून न झाल्यामुळे गुण जाणे हे फार क्लेशदायक असते. म्हणून आम्ही रोज दहा मिनिटे नुसते लिहून घेतो आणि दर पंधरवड्याला ती वेळ वाढवतो. तोंडी परीक्षा, प्रात्यक्षिक आणि प्रकल्प यांसाठी संपर्क केंद्र असलेल्या शाळेत जावे लागते, तिथे आपल्या मुलाच्या वयाच्या विद्यार्थ्यांमध्ये उभे राहायचे असते. त्याचीही मनाची तयारी आधीपासून करून घ्यावी लागते.

वेळेबद्दल थोडे. आम्ही कोणालाही ‘रोज तीन तास अभ्यास करा’ असे सांगत नाही. तीन तास तिच्याजवळ नाहीत. पाणी येण्याची वेळ, माल जमा करण्याची वेळ, सासूबाईंचे औषध, मुलांचे डबे यांतून सलग चाळीस मिनिटे कुठे मिळतात ते आम्ही तिच्याबरोबर बसून शोधतो, आणि त्या चाळीस मिनिटांत काय करायचे ते आदल्या दिवशीच एका ओळीत लिहून ठेवायला लावतो. घरात लग्न निघाले की आठवडा जाणार हे गृहीत धरून वेळापत्रक आखले, तर खंड पडल्यावर ती परत येते. आदर्श वेळापत्रक दिले, तर पहिल्या खंडालाच तिचा धीर सुटतो. हीसुद्धा शिकण्याची गोष्ट आहे आणि नोकरीत तिचा रोज उपयोग होतो.

आता कागदपत्रांकडे वळते. १७ नंबरच्या अर्जाला मूळ शाळा सोडल्याचा दाखला लागतो. तो हरवला असेल तर दुय्यम प्रत आणि प्रतिज्ञापत्र लागते. दाखल्यावर माहेरचे नाव, आधार कार्डावर सासरचे, आणि बऱ्याच जणींच्या बाबतीत जन्मतारीखही जुळत नाही. कोणाची शाळाच बंद पडलेली असते आणि तिचे दप्तर कुठे आहे हे सांगायला कोणी नसते. अर्ज ऑनलाइन असल्यामुळे तो भरायला त्या सायबर कॅफेत जातात, तिथे घाईत माध्यम किंवा विषय चुकीचा निवडला जातो आणि तो दुरुस्त करायला पुन्हा मजुरी बुडवून फिरावे लागते. यातला प्रत्येक अडथळा लहान आहे आणि अर्ध्या तासाच्या माहितीपूर्ण मदतीने दूर होणारा आहे. ती मदत कोणत्या टेबलावर मिळेल, एवढेच ठरलेले नाही.

कौशल्य विभागाकडे माझे मागणे आणखी निकडीचे आहे, कारण दहावी पास झाल्याचा आनंद ओसरला की समोर वयाचा प्रश्न उभा राहतो. मुख्यमंत्री युवा कार्य प्रशिक्षण योजनेची वयोमर्यादा १८ ते ३५ आहे. राज्य शासनाच्या बहुतेक पदांना खुल्या प्रवर्गासाठी ३८ आणि मागास प्रवर्गासाठी ४३ ही कमाल मर्यादा आहे. अंगणवाडी सेविका आणि मदतनीस यांना आता बारावी पास असावे लागते, म्हणजे जी मदतनीस होण्याची आशा धरून दहावी झाली, तिला आणखी दोन-तीन वर्षे थांबावे लागणार आणि तोवर तिचे वय निघून जाणार. युवकांसाठीच्या योजनांना माझा विरोध नाही, त्या हव्यातच. पण एकेचाळिसाव्या वर्षी दहावी झालेल्या बाईला राज्याच्या कोणत्या योजनेत जागा आहे, या प्रश्नाला आज माझ्याकडे उत्तर नाही. केंद्राच्या विडी कामगार कल्याण योजनेतली शिष्यवृत्तीही कामगाराच्या मुलांना मिळते. कामगार स्वतः शिकू लागली तर तिचा विचार तिथे केलेला नाही.

सोलापुरात काम नाही असे नाही. शालेय गणवेश शिवणारे कारखाने इथे आहेत, टॉवेल आणि चादरींचे उत्पादन आहे, दवाखाने, दुकाने, बचत गटांचे व्यवसाय आहेत. या ठिकाणी माणूस घेताना काय पाहतात, हे मी मालकांना आणि मुकादमांना विचारले आहे. मापांचा तक्ता वाचता यावा, ऑर्डरच्या कागदावर काय लिहिले आहे ते समजावे, इंच आणि सेंटिमीटर यांत गोंधळ होऊ नये, माल कमी पडला तर वेळेवर सांगावे, न समजलेले विचारावे आणि झालेल्या कामाची नोंद ठेवावी. शिलाई मशीन चालवायला शिकवणारे पुष्कळ आहेत. या बाकीच्या गोष्टी शिकवणारे फार थोडे. आणि पाहा, या सगळ्या गोष्टी अभ्यासाच्याच आहेत : वाचून समजून घेणे, मोजणे, नोंद करणे, प्रश्न विचारणे. जी बाई परिच्छेद वाचून पुस्तक मिटून त्याचे सार सांगू शकते, ती ऑर्डरचा कागद वाचून चार जणींना काम वाटून देऊ शकते.

म्हणून आमच्या वर्गात शनिवारी पुस्तके बाजूला ठेवतो. एकीने फोनवर कामाची चौकशी करायची, दुसरीने मालक व्हायचे. ‘तुमच्याबद्दल सांगा’ असे म्हटल्यावर बहुतेकींचे पहिले उत्तर ‘मी काही नाही, घरी विड्या वळते’ असे येते. आठवडाभराचा माल वेळेवर पूर्ण करणे, कच्च्या मालाचा हिशेब ठेवणे, नापास मालाचे प्रमाण कमी राखणे ही कौशल्ये आहेत आणि ती अशाच शब्दांत सांगायची असतात, हे त्यांना पटायला वेळ लागतो. पगाराच्या कागदावर भविष्यनिर्वाह निधीची कपात कुठे दिसते, आपला खाते क्रमांक कोणता, राज्य कामगार विमा योजनेचे (ईएसआय) कार्ड कशाला लागते, नेमणुकीच्या पत्रावर सही करण्यापूर्वी काय वाचायचे, हेही आम्ही खऱ्या नमुन्यांवर करून घेतो. एका अक्काने पहिल्या नोकरीच्या पहिल्याच महिन्यात पगाराच्या कागदात चुकलेले हजेरीचे दिवस दाखवून ते दुरुस्त करून घेतले. आवाज न चढवता, आपल्या वहीतली नोंद समोर ठेवून तिने ते केले. दहावीच्या गुणपत्रिकेइतकाच मला त्या वहीचा अभिमान वाटतो.

शासनाची कौशल्य प्रशिक्षणे बहुतांशी दिवसा भरतात, आणि रोजावर जगणाऱ्या बाईसाठी दिवसाचे प्रशिक्षण म्हणजे बुडालेली मजुरी. जे काम आधीच येते त्याचे मूल्यमापन करून प्रमाणपत्र देण्याची तरतूद केंद्राच्या कौशल्य विकास योजनेत आहे, तिची माहिती आमच्या वस्तीत पोहोचवणारे कोणी नाही. आणि जिथे प्रशिक्षण मिळते, तिथे मुलाखतीची तयारी म्हणून इंग्रजीतले परिच्छेद पाठ करून घेतले जातात, जे सोलापूरच्या कारखान्यात कोणी कधी विचारत नाही.

महोदय, माझी विनंती अशी आहे की १७ नंबरचे अर्ज सुरू होण्याच्या तीन महिने आधी प्रत्येक महानगरपालिकेच्या आणि नगरपालिकेच्या हद्दीत, शक्य तिथे मोठ्या गावांतही, प्रौढांसाठी पूर्वतयारीचा संध्याकाळचा वर्ग सुरू करावा. इमारत नवी लागत नाही. पालिकेच्या शाळांच्या खोल्या संध्याकाळी रिकाम्या असतात, दिवे आणि बाके तिथे आहेत. या वर्गात पहिले तीन महिने विषय कमी आणि रीत जास्त शिकवावी, कागदपत्रांची पूर्तता तिथेच व्हावी, नेत्रतपासणी तिथेच व्हावी, आणि अर्ज शाळेच्या संगणकावर शिक्षकाच्या देखरेखीखाली भरला जावा. नंतर तोच वर्ग परीक्षेपर्यंत आणि निकालानंतर आणखी तीन महिने कामाच्या तयारीसाठी चालू राहावा. पाठ्यपुस्तकांचा खर्च फारसा येणार नाही, बालभारतीची पुस्तके तिच्या संकेतस्थळावर विनामूल्य आहेतच. छापील प्रती मात्र द्याव्यात, कारण मोबाइलच्या पडद्यावर गणित शिकता येत नाही आणि घरातला एकुलता मोबाइल संध्याकाळी बहुधा मुलाच्या हातात असतो.

शिकवणाऱ्याला मानधन द्यावे, हे मी आग्रहाने सांगते. ‘उल्लास’चा भार स्वयंसेवकांवर आहे आणि त्यांच्या निष्ठेबद्दल मला आदर आहे. पण अक्षरओळख करून देणे आणि दहावीचे बीजगणित शिकवणे यांत फरक आहे. दमून आलेल्या प्रौढांना दहा महिने सलग शिकवायला विषयाची जाण असलेला, रोज ठरल्या वेळी येणारा माणूस लागतो. मुंबईतल्या रात्रशाळांतल्या शिक्षकांनी हे काम पिढ्यान्‌पिढ्या केले आहे. त्यांच्याकडून इतर शहरांतल्या शिक्षकांसाठी प्रशिक्षण आखून घेता येईल. आज मुंबईबाहेर रात्रशाळा मोजक्याच आहेत, त्यामुळे सोलापूर, इचलकरंजी, मालेगाव, भिवंडी यांसारख्या कष्टकऱ्यांच्या शहरांना प्राधान्य मिळावे.

राज्य मंडळाने परीक्षेच्या रचनेचाही विचार करावा. राष्ट्रीय मुक्त विद्यालयी शिक्षण संस्थेत प्रवेश पाच वर्षे वैध राहतो, त्या काळात नऊ संधी मिळतात आणि एकेक विषय सोडवत पुढे जाता येते. आमच्या स्त्रियांची ओढ राज्य मंडळाच्या दहावीकडे असते, कारण मालकाला आणि नातेवाइकांना तीच माहीत असते, आणि शिवाय पुस्तके मुलांची घरात असतात. पहिल्याच प्रयत्नात सर्व विषय देण्याऐवजी वर्षाला दोन-तीन विषय घेण्याची मुभा प्रौढ खासगी विद्यार्थ्यांना मिळाली, तर दर्जा कणभरही न उतरवता किती जणी टिकतील, याचा विचार व्हावा.

कौशल्य विभागाने या वर्गांना जोडून संध्याकाळच्या तुकड्या सुरू कराव्यात, आणि प्रौढपणी दहावी किंवा बारावी झालेल्यांसाठी कार्यप्रशिक्षणाची वयोमर्यादा किमान ५० पर्यंत वाढवावी. अशा व्यक्तीची उमेदवारी तिने परीक्षा पास केल्याच्या वर्षापासून मोजली जावी. जिने एवढे कष्ट घेऊन नव्याने सुरुवात केली आहे, तिच्या जन्मवर्षाकडे बोट दाखवून तिला परत पाठवू नये.

‘या वयात शिकून काय मिळणार?’ हा प्रश्न मला घराघरांत ऐकावा लागतो आणि कधीकधी अधिकाऱ्यांच्या तोंडूनही ऐकला आहे. चाळीस वर्षांच्या बाईपुढे कामाची वीस वर्षे आहेत. ती वीस वर्षे ती कोणत्या कामात, किती मजुरीवर आणि कोणत्या हवेत घालवणार, हे या एका वर्षाच्या अभ्यासावर बऱ्याच अंशी अवलंबून आहे. तिच्या घरात मुले आहेत आणि ती आईला वही घेऊन बसलेली रोज पाहतात, हा लाभ कोणत्याही अहवालात येत नसला तरी मला रोज दिसतो.

येत्या अर्जांच्या हंगामापूर्वी निदान सोलापुरात एक वर्ग प्रायोगिक स्वरूपात सुरू करण्याचा निर्णय व्हावा. शिकायला तयार असलेल्या स्त्रियांची यादी, वापरून पाहिलेले धड्यांचे आराखडे, सरावाच्या वह्या आणि कामाच्या तयारीचे नमुने आमच्याकडे आहेत. ते सर्व विनामूल्य आपल्या हवाली करायला आम्ही तयार आहोत. दोन्ही विभागांच्या अधिकाऱ्यांनी एका संध्याकाळी सहा ते आठ या वेळेत वर्गात येऊन बसावे, वह्या पाहाव्यात, विद्यार्थिनींशी बोलावे आणि त्यानंतर निर्णय घ्यावा, ही नम्र विनंती.

कळावे,

आपली विश्वासू,
संध्याकाळच्या अभ्यासवर्गाची एक शिक्षिका,
पूर्व भाग, सोलापूर.